डीएनए नमुने, नाकाबंदीतील नशेची चाचणी आणि आपली खासगी माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्यात रक्त देऊन आलेला तरुण, रात्रीच्या नाकाबंदीत अडवलेल्या मुलाचे वडील, निर्दोष सुटूनही आपली नोंद पुसली गेली की नाही याची काळजी असलेले गृहस्थ: आमच्याकडे प्रश्न पाठवणारे बहुतेक लोक नमुना देऊन झाल्यावर विचारतात. हे प्रश्न आधी माहीत असावेत म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रात लागू असलेल्या भारतीय कायद्यांवर आधारलेली आहेत. एखाद्या खटल्यात प्रत्यक्ष निर्णय घेताना मात्र वकिलांचा सल्ला घ्यावा.

१. डीएनए नमुना आणि डीएनए प्रोफाइल ही एकच गोष्ट आहे का?

नाही, आणि या फरकावर पुढची बरीच चर्चा अवलंबून आहे. नमुना म्हणजे रक्त, लाळ, मुळासकट केस किंवा गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या पेशी. प्रोफाइल म्हणजे त्या नमुन्यातील काही ठरावीक जागी डीएनएचे छोटे तुकडे किती वेळा पुन्हा आले आहेत, हे सांगणारी आकड्यांची यादी. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यासाठी २०१७ पासून अशा २० जागा तपासल्या जातात. ही यादी ओळख पटवण्यापुरती असते. तिच्यातून माणसाच्या आजारांबद्दल फारसे कळत नाही. मूळ नमुन्यात मात्र त्या माणसाची संपूर्ण आनुवंशिक माहिती असते. त्यामुळे केवळ प्रोफाइल जपली जाणार की नमुनाही फ्रीजमध्ये राहणार, हे विचारणे महत्त्वाचे आहे.

२. सरकारने सगळ्या नागरिकांचा डीएनए साठा तयार केला आहे का?

सर्व नागरिकांचा डीएनए गोळा करण्याची तरतूद करणारा कायदा भारतात नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचे नियमन करणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. त्या विधेयकात अनेक दोष होते, परंतु प्रयोगशाळांवर देखरेख करणारे मंडळ आणि साठ्याचे नियम तरी त्यात होते. ते मागे घेतले गेल्यामुळे डीएनए गोळा करणे थांबले नाही. गोळा करण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्यातून आला (प्रश्न ३) आणि देखरेखीची स्वतंत्र यंत्रणा तेवढी राहून गेली. आमच्या मते सध्याच्या परिस्थितीतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकीय क्रमाचा अभ्यास झाला. तो संमतीने दिलेल्या नमुन्यांवरील संशोधन प्रकल्प आहे आणि त्याचा पोलिसांच्या नोंदींशी संबंध नाही.

३. पोलीस नेमका कोणाचा जैविक नमुना घेऊ शकतात?

फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला आणि १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा रद्द झाला. जुन्या कायद्याचा भर बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्रे यांवर होता. नव्या कायद्यातील ‘मोजमापे’ या शब्दात तळहाताचे ठसे, बुबुळ व नेत्रपटलाचे स्कॅन, सही, हस्ताक्षर, जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण हे सारे येते. शिक्षा झालेली, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेली, चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याचा आदेश झालेली आणि कोणत्याही गुन्ह्यात अटक झालेली व्यक्ती या कायद्याच्या कक्षेत येते. केवळ जमावबंदीचा आदेश मोडल्याचा आरोप असलेल्यांना, दुसरा गुन्हा नसल्यास, नियमांनी यातून वगळले आहे. मोर्चात पकडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांनी ही सवलत लक्षात ठेवावी.

४. माझ्या भावाला किरकोळ गुन्ह्यात अटक झाली आहे. तो रक्त देण्यास नकार देऊ शकतो का?

याचे उत्तर रक्त कोणत्या कायद्याखाली मागितले आहे यावर अवलंबून आहे, आणि नेमके हेच अनेकांना सांगितले जात नाही.

२०२२ च्या कायद्याखाली नोंदीसाठी नमुना मागितला असेल, तर अटक झालेल्या व्यक्तीला जैविक नमुना नाकारता येतो. याला दोन अपवाद आहेत: गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असेल, किंवा त्याला सात वर्षे अथवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा असेल, तर नकाराची मुभा नाही. बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांना मात्र ही मुभा कोणत्याच अटकेत मिळत नाही; ती देण्यास विरोध केल्यास सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा समजला जातो.

दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ चा आहे. आरोपीच्या शरीराच्या तपासणीतून त्या विशिष्ट गुन्ह्याचा पुरावा मिळेल असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून नोंदणीकृत डॉक्टर तपासणी करू शकतात आणि त्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याचीही परवानगी आहे. या तपासणीत रक्त, थुंकी, घाम, केस, नखांचे तुकडे आणि डीएनए प्रोफाइलिंग यांचा समावेश होतो. येथे सात वर्षांची मर्यादा नाही, परंतु पुराव्याशी थेट संबंध असण्याची अट आहे. मोबाइल चोरीच्या संशयितावर मारामारी किंवा रक्ताच्या डागाचा काही आरोपच नसेल, तर त्याच्या रक्तातून कोणता पुरावा मिळणार, असा प्रश्न वकिलाने लेखी विचारणे योग्य ठरते. स्त्री आरोपीची तपासणी केवळ महिला डॉक्टरने किंवा महिला डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावी लागते.

भावाने उद्धटपणा न करता ‘कोणत्या कलमाखाली’ एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर वकिलाला कळवावे. प्रत्यक्ष झटापट कधीही करू नये.

५. मला अटक झालेली नाही. वस्तीतील सगळ्या पुरुषांना रक्त द्यायला बोलावले आहे. जावे लागेल का?

चौकशीसाठी बोलावणे आणि रक्त देण्याची सक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. अटक न झालेल्या व्यक्तीकडून जैविक नमुना हवा असेल, तर तिची संमती किंवा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२२ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार दंडाधिकारी तपासासाठी कोणत्याही व्यक्तीला मोजमापे देण्याचा आदेश देऊ शकतात. संहितेच्या कलम ३४९ नुसार अटक नसतानाही सही, हस्ताक्षर, बोटांचे ठसे आणि आवाजाचा नमुना मागता येतो, पण त्या यादीत रक्त नाही.

तुम्ही स्वखुशीने रक्त देणार असाल, तर ते कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी आहे, त्याची तुलना केवळ त्याच गुन्ह्यातील पुराव्याशी होईल का आणि नंतर नमुना नष्ट होईल का, हे संमतिपत्रावर लिहून घ्यावे. कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नये. गावात ‘नाही’ म्हणणाऱ्यावरच संशय घेतला जातो याची आम्हाला जाणीव आहे. तरीही अशा अटी घालणे हा नकार नसून तुमचा हक्क आहे.

६. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, मग रक्त कसे घेतात?

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे हे संरक्षण खरे आहे. मात्र मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षर देणे म्हणजे ‘साक्षीदार होणे’ नव्हे, कारण त्यात माणूस स्वतःच्या ज्ञानातून काही सांगत नाही. न्यायालये रक्त आणि डीएनए यांनाही हेच तर्कशास्त्र लावतात. याउलट २०१० मध्ये नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असा निर्णय झाला, कारण तेथे मनातील माहिती बाहेर काढली जाते.

आज अधिक उपयोगी पडणारा आधार खासगीपणाच्या हक्काचा आहे. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय प्रमाणात हवा. २०२२ च्या कायद्यालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

७. मी निर्दोष सुटलो. माझी नोंद आपोआप पुसली जाईल का?

तसे गृहीत धरू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजमापांच्या नोंदी गोळा केल्याच्या तारखेपासून ७५ वर्षे जपू शकतो. वीस वर्षांच्या मुलाची नोंद तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत राहू शकते, म्हणजे व्यवहारात आयुष्यभर. ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि जो खटला न चालवताच सोडला गेला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, त्याच्या नोंदी सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर नष्ट करण्याची तरतूद आहे; मात्र न्यायालय किंवा दंडाधिकारी कारणे लेखी देऊन वेगळा आदेश देऊ शकतात.

‘सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर’ या शब्दांकडे नीट पाहा. सरकारने अपील केले, तर ते निकाली निघेपर्यंत नोंद राहते, आणि आपल्याकडे अपिले किती वर्षे चालतात हे वेगळे सांगायला नको. नियमांनुसार नोंद नष्ट करण्याची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. ती नोंद दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्याशी जोडलेली नाही याची खात्री करून तो अधिकारी पुढे शिफारस करतो. याचा अर्थ निर्दोष ठरलेल्या माणसालाच पुन्हा अर्ज घेऊन दारोदार जावे लागते. हा भार त्याच्यावर टाकणे आम्हाला अन्यायकारक वाटते. न्यायालयाने निर्दोष म्हटल्यावर नोंद पुसण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्याची असायला हवी.

तोपर्यंत निकालाची प्रमाणित प्रत जोडून लेखी अर्ज करावा, पोहोच घ्यावी आणि उत्तर न आल्यास उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करावा.

८. मी काहीच केलेले नाही, मग डीएनए साठ्याची भीती मला कशासाठी वाटावी?

डीएनए एकट्याचा नसतो. सख्खी भावंडे, आई-वडील आणि मुले यांच्या प्रोफाइल अंशतः जुळतात, त्यामुळे एकाचा नमुना साठ्यात असला की त्याच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचता येते. अमेरिकेत २०१८ मध्ये अनेक दशके न सापडलेल्या एका मालिका गुन्हेगाराचा माग दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनए माहितीवरून लागला. तो गुन्हेगार पकडला गेला हे चांगलेच झाले, पण ज्या नातेवाइकांनी हौसेने माहिती टाकली होती त्यांनी यासाठी संमती दिलेली नव्हती.

दुसरे कारण स्पर्शातून पडणाऱ्या डीएनएचे आहे. दाराच्या कडीवर सापडलेला तुमचा डीएनए तुम्ही तिथे कधी आणि कशासाठी गेला होता हे सांगत नाही. हस्तांदोलनातून तो दुसऱ्याच्या हातानेही तेथे पोहोचू शकतो.

९. नाकाबंदीत कोणालाही थांबवून ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला लावता येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस किंवा अधिकृत मोटार वाहन विभागाचा अधिकारी, वाहनचालक मद्यपान करून वाहन चालवत असल्याचा वाजवी संशय असल्यास, श्वासाची चाचणी मागू शकतो. उपकरण केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या गुन्ह्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड १५,००० रुपये असा वाढतो.

रस्त्यावर रक्त घेतले जात नाही. अटकेनंतर पोलीस ठाण्यात, नोंदणीकृत डॉक्टरकडूनच ते घेतले जाते. अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कलम २०२ नुसार त्या व्यक्तीला सोडावे लागते. ही वेळ अटकेच्या नोंदीत लिहून घ्या. वाजवी कारणाशिवाय चाचणी नाकारली, तर कलम २०५ नुसार तो नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा मानला जाऊ शकतो. न पिता गाडी चालवणाऱ्याने नकार देऊन काहीच साधत नाही.

१०. दारू नव्हे, गांजा किंवा इतर अमली पदार्थांचा संशय असेल तर लाळेची चाचणी करता येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये अमली पदार्थांच्या अमलाखाली, वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत वाहन चालवणे हाही गुन्हा आहे. मात्र दारूसाठी आहे तशी आकड्यातील मर्यादा येथे नाही. कलम २०३ आणि २०४ मधील श्वास व रक्ताच्या चाचण्यांची भाषाही अल्कोहोलभोवती फिरते, आणि लाळेच्या किटचा तेथे उल्लेख नाही. त्यामुळे लाळेच्या पट्टीवर उमटलेल्या रेषेवरून फार तर संशय व्यक्त करता येईल. खटल्यासाठी डॉक्टरांनी चालकाच्या अवस्थेची नोंद केली पाहिजे (बोलणे, तोल, डोळ्यांच्या बाहुल्या) आणि नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासला गेला पाहिजे. नशेतील चालकांना रस्त्यावरून हटवलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण ते काम स्पष्ट कायद्याने व्हावे. कोणत्याही नियमाविना तोंडात घातलेल्या पट्टीने होऊ नये.

११. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस त्या वेळी नशेत होता, असे सिद्ध होते का?

होत नाही. रक्तातील अल्कोहोल आणि त्या क्षणीची नशा यांचा संबंध बऱ्यापैकी सरळ आहे. गांजातील टीएचसी हा पदार्थ चरबीत साठतो आणि त्याचे विघटनजन्य अंश नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही सापडू शकतात, तर अंमल काही तासांत उतरलेला असतो. लघवीची चाचणी ‘कधीतरी घेतला होता’ एवढेच सांगते. लाळेत प्रामुख्याने मूळ टीएचसी सापडते आणि तेही तुलनेने थोडा काळ, म्हणून वाहन चालवण्याच्या संदर्भात लाळ किंवा रक्त अधिक अर्थपूर्ण ठरते. अहवालात कोणता पदार्थ, कोणत्या नमुन्यात आणि किती प्रमाणात, हे तिन्ही पाहावे.

१२. खसखस, खोकल्याचे औषध किंवा भांग यांमुळे चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते का?

येऊ शकते. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अंश असतो. दिवाळीत खसखशीवर थापलेले अनारसे पोटभर खाल्ल्यास लघवीच्या संवेदनशील चाचणीत त्याची खूण दिसणे अशक्य नाही. याच कारणाने अमेरिकेत सरकारी नोकरीतील चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅम करण्यात आली. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि त्याचे शरीरात मॉर्फिन तयार होते. औषधाची चिठ्ठी गाडीत ठेवावी आणि डॉक्टरांना तपासणीच्या वेळीच सांगावे.

भांगेचा प्रश्न अधिक अवघड आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्याविना असलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत, त्यामुळे पानांची भांग त्या कायद्याखाली येत नाही. राज्याच्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध मात्र तिला आहेत. चाचणीला हा कायदेशीर फरक कळत नाही, कारण दोन्हींत टीएचसी असते. आणि भांग पिऊन ताबा सुटलेल्या अवस्थेत गाडी चालवणे हे कोणत्याही व्याख्येने सुरक्षित ठरत नाही.

१३. चाचणीवरून एनडीपीएसचा गुन्हा लागू शकतो का, आणि गाडीची झडती घेता येते का?

सेवन हा एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास. व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर कलम ६४अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मुलांच्या पालकांना हे कलम माहीत असायला हवे.

अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा तुमचा हक्क सांगितला गेला पाहिजे (कलम ५०). हा हक्क अंगझडतीपुरता आहे. बॅग किंवा गाडीच्या झडतीला तो लागू होत नाही.

१४. नाकाबंदीनंतर दिलेल्या रक्तातून माझा डीएनए काढता येईल का?

शास्त्रीयदृष्ट्या येईल, कारण रक्त तेच असते. कायदेशीरदृष्ट्या अल्कोहोलसाठी घेतलेला नमुना दुसऱ्याच हेतूने साठ्यात घालणे प्रश्न ६ मधील प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्यानंतर, चालकाचे रक्त बदलून दुसऱ्याचे नळीत भरल्याचा आरोप पोलिसांनी केला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए तुलना केल्यावर ही अदलाबदल उघड झाली. म्हणजे विशिष्ट वादापुरती आणि न्यायालयाच्या नजरेखाली केलेली डीएनए तुलना सामान्य माणसाचे रक्षणही करते. आमचा आक्षेप तंत्रावर नाही. हेतू न सांगता गोळा करणे आणि मुदतीविना ठेवणे यावर आहे. नळीवर तुमच्यासमोर सील लागले का, लेबलवर नाव व वेळ बरोबर आहे का, हे पाहून मगच सही करा.

१५. अपघातात बेपत्ता झालेल्या नातेवाइकाच्या ओळखीसाठी रक्त दिले. त्याचे पुढे काय होते?

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेत अनेक मृतदेह नातेवाइकांच्या डीएनएवरूनच ओळखले गेले. असे नमुने देणारे लोक आरोपी नसतात आणि प्रश्न ३ मधील यादीत ते बसत नाहीत. अडचण अशी की त्यांच्या नमुन्यांसाठी वेगळा कायदाही नाही. मागे घेतलेल्या विधेयकात बेपत्ता व्यक्तींसाठी स्वतंत्र यादी होती. दुःखाच्या त्या घडीला कोणी कागद वाचत नाही, म्हणून ओळख पटल्यावर घरातील दुसऱ्या कोणीतरी नमुना नष्ट करण्याचा अर्ज द्यावा.

१६. कौटुंबिक न्यायालय डीएनए चाचणीची सक्ती करू शकते का?

आदेश देता येतो, पण तो सरसकट दिला जात नाही. विवाहकाळात जन्मलेले मूल पतीचेच, असे साक्ष कायदा गृहीत धरतो. नागपूरच्या एका प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवाल या गृहीतकापेक्षा वरचढ मानला. पुण्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये मात्र व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची चाचणी करू नये, कारण मुलालाही खासगीपणा आहे, असे म्हटले.

१७. डीएनए जुळला तरी तो माणूस वेगळा असू शकतो का?

एकसारख्या जुळ्यांची नेहमीची प्रोफाइल सारखीच असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो. असा उपचार झाला असेल, तर नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना ते लेखी कळवावे.

१८. मी परदेशात राहतो. तेथील नियम वेगळे आहेत का?

बरेच वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ पासून रस्त्यावर लाळेच्या सरसकट चाचण्या सुरू केल्या. तेथे संशयाची गरज नसते आणि पदार्थ सापडणे हाच गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये मार्च २०१५ पासून अनेक पदार्थांसाठी रक्तातील मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि त्यांत डॉक्टरांनी दिलेली काही औषधेही येतात. भारतातून झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डीएनएच्या बाबतीत, निर्दोष सुटलेल्यांचे नमुने ब्रिटनने बेमुदत ठेवणे हा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ४ डिसेंबर २००८ रोजी दिला, आणि त्यानंतर तेथील संसदेने २०१२ मध्ये कायदा बदलला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, गंभीर गुन्ह्यात अटक झालेल्यांचा गालातील नमुना घेणे वैध ठरवले.

१९. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेता येईल का? तक्रार कोठे करावी?

गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांना त्या कायद्यातील बहुतेक कर्तव्यांतून सूट आहे, त्यामुळे पोलिसांकडील नमुन्यांसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. खासगी प्रयोगशाळा किंवा वंशावळ सांगणाऱ्या कंपन्यांसाठी तो अधिक उपयोगी ठरेल.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी, राज्य मानवी हक्क आयोग आणि उच्च न्यायालय हे मार्ग आहेत. नमुना घेतला त्या दिवसाची तारीख व वेळ, मागितलेले कलम, घेणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि सीलचा क्रमांक त्याच रात्री कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना या पाचांपैकी एकच गोष्ट आठवत असते, ती म्हणजे तारीख.